मुठीवर नाव नसते

'आमचा जोयड्याचा मुलगा' हे शब्द कुणा गोमंतकीयाच्या तोंडून ऐकले की मी सावध होतो. मुलगा त्यांचा नसतो. त्याला आईबाप असतात, घर असते, आडनाव असते. यांनी फक्त त्याच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च उचललेला असतो. तेवढ्यावर तो 'आमचा' होतो! मग एखाद्या लांब सुट्टीत बेत ठरतो. मोले सोडून अनमोडचा घाट चढायचा, रामनगरवरून जोयड्याची वाट धरायची. गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग, रात्री रानातल्या रिसॉर्टवर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर 'मुलाची भेट'. स्विंडनहून किंवा आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ असेल तर तोही बरोबर. त्यानेही तिथे एक मुलगी 'घेतलेली' असते.

माझे म्हणणे सरळ आहे. पैसे जरूर द्या, सढळ हाताने द्या. पण त्या मुलाला भेटायला जाऊ नका. आणि जमले तर एका मुलाच्या नावावर पैसे देणेही सोडा.

राग येईल, ठाऊक आहे. चांगले काम करणाऱ्याला नावे ठेवणारा हा कोण, असे वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी ही वाट कुठली ते पाहू. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोव्यातून सुपे महालात जाणे म्हणजे परदेशी जाणेच होते. कुळे येथे पोर्तुगिजांची तपासणी, वर कॅसलरॉकला पलीकडची. सामानाच्या गाठोड्या सोडून दाखवाव्या लागत. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीत तर ही आगगाडीची वाटही तुटली. पण ती सरहद्द सरकारांची होती, माणसांची नव्हती. जोयड्याचा कुणबी आणि आपल्या सांगे-काणकोणचा कुणबी एकाच मुळाचा. पोर्तुगीज अमदानीत आपले पूर्वज घाट चढून वर गेले, असे तिथले कुणबी आजही सांगतात. बोली तीच, रानातली कंदमुळे तीच, शेताचे हाल तेच.

मग आपला कुणबी आणि त्यांचा कुणबी यांत फरक कुठे पडला? कागदावर पडला. २००३ साली संसदेच्या एकाच कायद्याने गोव्यातले कुणबी, गावडा, वेळीप अनुसूचित जमातीत आले आणि उत्तर कन्नडमधले सिद्दीही आले. घाटावरचे कुणबी मात्र त्या यादीत नव्हते. एकाच आज्याची नातवंडे! खालच्यांना आरक्षण, शिष्यवृत्ती, स्वतंत्र खाते. वरच्यांना अर्ज, मोर्चे आणि आश्वासने. घाटावरच्या कुणब्याचे पोर 'गरीब' म्हणून तुमच्या पुढ्यात उभे केले जाते, तेव्हा या कागदाचा विषय कुणी काढत नाही. काढला तर भेटीची गोडी जाईल ना!

ते पोर वसतिगृहात का आहे, हेही कुणी विचारत नाही. आईबापांना ते नकोसे झाले म्हणून नाही. उत्तर कन्नडमधला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा हा तालुका. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. रानात विखुरलेल्या चार-चार घरांच्या वाड्या, आणि मध्ये पावसाळ्यात फुगणारे ओहोळ. जुने तालुक्याचे गाव सुपे, ते १९८० च्या दशकात काळी नदीवरच्या १०१ मीटर उंच धरणाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. उठलेल्या कितीतरी कुटुंबांना रामनगरला आणून बसवले. पुढे २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. आता त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. धरणाची वीज राज्याला, वाघ देशाला, राफ्टिंग पर्यटकांना. पोराच्या वाट्याला काय आले? चौथी-पाचवीनंतर शाळा लांब, म्हणून घर सोडून वसतिगृहातली खाट. हा सगळा हिशेब बाजूला ठेवून तुम्ही त्याच्या हातात चॉकलेटचा डबा ठेवता आणि फोटो काढता.

आता भेटीचा तो तास पोराच्या बाजूने पाहा. आदल्या दिवशी त्याला सांगितले जाते, 'उद्या तुझे पाहुणे येणार.' इस्त्रीचा सदरा चढतो, डोक्याला तेल लागते. गाणे पाठ करून घेतले जाते. पाहुणे आले की वाकून नमस्कार, मग 'मला डॉक्टर व्हायचे आहे' हे वाक्य. बाकीची तीस-चाळीस मुले भिंतीला टेकून बघत असतात. त्यांतल्या कुणाचे पाहुणे येतात, कुणाचे कधीच येत नाहीत. ती रात्र त्या दुसऱ्या मुलांची कशी जात असेल? आणि ज्याचे पाहुणे आले, त्याने काय शिकायचे? माझे जेवण, माझी वही, माझी खाट या अनोळखी माणसांच्या मर्जीवर आहे, हेच ना? त्याचा बाप दिवसभर दुसऱ्याच्या बागेत खपून संध्याकाळी घरी येतो. त्या बापाची किंमत पोराच्या नजरेत त्या तासाभरात किती उतरते, याचा विचार आपण कधी केला आहे?

तुमच्या मुलाची फी बँकेच्या कर्जातून भरली असेल. बँकेचा मॅनेजर सहकुटुंब तुमच्या घरी येऊन मुलाला गाणे म्हणायला लावील तर चालेल का?

वर त्याला 'दत्तक' म्हणायचे! हा शब्द तरी जपून वापरा. आपल्या गोव्याच्या कायद्यात पोराचा वारसा केवढा पक्का आहे, हे भाट असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बापाला मृत्युपत्र करूनही सगळी मालमत्ता पोरांपासून तोडता येत नाही. त्या जोयड्याच्या 'दत्तका'ला तुमच्या भाटातला एक माड तरी मिळणार आहे का? नाही ना? मग तो तुमचा दत्तक नव्हे, पावतीवरचे नाव आहे. आणि ज्या घाटावर हे 'आमचे लेकरू' राहते, तिथल्या माणसाला आपण खाली गोव्यात काय म्हणतो? 'घाटी'. हाच मुलगा अठराव्या वर्षी मडगावच्या हॉटेलात टेबले पुसायला आला, तर त्याला हाक कशी मारली जाईल, हे मी लिहायला नको.

ही पद्धत आपली नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, लंडनला एग्लंटाइन जेब यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' काढली, ती हरलेल्या शत्रूदेशांतल्या उपाशी मुलांसाठी. हेतू थोर होता. त्या सुमारासच एका दात्याने एका मुलाचा खर्च उचलायची रीत युरोपात रुजू लागली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीतल्या मुलांसाठी, १९३८ मध्ये चीनच्या, १९५० च्या दशकात कोरियाच्या मुलांसाठी अशा संस्था निघाल्या आणि पुढे जगभर पसरल्या. फोटो, पत्र आणि जमल्यास भेट, हा त्यांचा साचा. त्यावर टीकाही तिकडेच झाली. १९८२ मध्ये 'न्यू इंटरनॅशनॅलिस्ट' या मासिकाने 'कृपया या मुलाचे प्रायोजक होऊ नका' अशा अर्थाच्या मथळ्याचा अंकच काढला. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी स्वतः मुलांच्या नावे पैसे भरले आणि मग ती मुले शोधायला परदेशी निघाले. काही मुलांपर्यंत फारसे काही पोचलेलेच नव्हते. एक मूल तर वारले होते आणि त्याच्या नावाने पैसे चालूच होते. मुलाला भेटायला केलेला प्रवास कधी उपयोगी ठरला असेल तर तो हा. कारण ही मंडळी नमस्कार घ्यायला गेली नव्हती, हिशेब घ्यायला गेली होती.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. २०१३ मध्ये ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी मदत मिळालेली मुले सरासरीने एक वर्षाहून अधिक काळ जास्त शिकली, असे त्यात दिसले. मी ते मान्य करतो. म्हणूनच पैसे देऊ नका असे मी म्हणत नाही. पण तो गुण पैशाचा, शिकवणीचा, वर्षानुवर्षे चाललेल्या कामाचा. तुमच्या तासाभराच्या भेटीचा नव्हे.

आणि एका नावावर बांधलेली मदत किती कच्च्या दोरीवर लोंबकळते, तेही पाहा. ज्या संस्थेच्या प्रायोजकांची मुले वायडिक यांनी अभ्यासली, त्या अमेरिकेच्या 'कंपॅशन इंटरनॅशनल'ला परदेशी देणग्यांच्या नियमांमुळे मार्च २०१७ मध्ये भारतातले काम थांबवावे लागले. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांचे प्रायोजकत्व संपले. सरकार बरोबर की संस्था, हा वाद वेगळा. मुलांनी काय केले होते? घरगुती पातळीवरही हेच घडते. दात्याची नोकरी जाते, मन उडते, किंवा दोन वर्षांनी दुसरे गोंडस पोर आवडते. त्या दिवशी पहिल्याची खाट कोण चालवणार?

अजून एक गोष्ट, जी गोंयकाराला तरी शिकवावी लागू नये. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ अनाथ मुलांचा आश्रम चालवत होता. दानशूर म्हणून त्याला मान होता. त्याच्याकडे परदेशी पाहुणे येत. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि त्या मुलांचे काय केले जात होते ते बाहेर आले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ चा गोवा बाल कायदा अशाच जखमांतून आला. म्हणजे प्रत्येक पाहुणा संशयित, असे नाही. पण वसतिगृहाचे दार कोणासाठी उघडे असावे, याचा नियम सज्जनांकडे बघून करता येत नाही. पैसे भरले की मुलाजवळ बसायचा हक्क मिळतो, ही समजूतच धोक्याची. तुमच्यासाठी उघडलेले दार उद्या कुणासाठी उघडेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

'पण चेहरा दिसल्याशिवाय लोक देत नाहीत हो,' असे संस्थाचालक म्हणतात. खोटे आहे! निदान आपल्या लोकांबद्दल तरी. पणजीची 'मुष्टिफंड' आठवा. संस्थेच्या नावातच सगळे आले. पोर्तुगिजांच्या राज्यात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, घराघरांतून मूठ-मूठ तांदूळ जमवून मराठी शिक्षण उभे केले. कुठल्या घरच्या मुठीने कुठला विद्यार्थी शिकला? कुणी विचारले नाही. मुठीवर नाव नसते. १९१९ मध्येच, जेब यांनी लंडनला संस्था काढली त्याच वर्षी, इकडे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवली आणि मुले चालावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यांनी 'माझा मुलगा कुठला' असे विचारून एकाच ताटात तूप वाढले नाही.

आपल्याकडे दुसरीही रीत होती, वार लावून जेवण्याची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या जेवणावर कितीतरी विद्वान वाढले. पण 'अमक्याच्या घरी वारावर जेवत होतास' हे टोमणेही कित्येकांनी जन्मभर ऐकले. एकाचे नाव एकाच्या घासावर कोरले की काय होते, हे आपल्याला त्या रीतीने केव्हाच शिकवले आहे.

मग 'पैसा कुठे जातो ते बघायचेच नाही का?' बघा ना! जरूर जा. पण मुले शाळेत गेली असतील अशा वेळी जा. स्वयंपाकघर बघा, पाण्याची टाकी बघा, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का बघा. रात्री मुलांजवळ कोण झोपते ते विचारा. आजारी मुलाला दवाखान्यात कोण, कशाने नेते ते विचारा. ताळेबंद मागा. फोटो मागू नका, आणि मुलाचे पत्र तर नकोच. आणि संस्थेला सांगा की माझे पैसे सगळ्यांच्या डाळभातात घाला.

शिवाय एक प्रश्न विचाराच. इथल्या किती मुलांना सरकारी मदत लागू आहे? 'मिशन वात्सल्य' योजनेत २०२२ पासून प्रायोजकत्वासाठी दरमहा ४ हजार रुपये ठरले आहेत. विधवेचे मूल, अनाथ मूल, आईबाप अंथरुणाला खिळलेले मूल, यांना ते घरी राहून मिळू शकतात. म्हणजे वसतिगृहातली खाट न धरता, आईजवळ राहून! त्याचा अर्ज कन्नडमध्ये भरायचा, दाखले गोळा करायचे, कारवारपर्यंत खेपा घालायच्या. एवढे करायला वाडीतल्या बाईच्या मदतीला कुणी नसते. तुमच्यापैकी कुणी निवृत्त कारकून असेल, वकील असेल, त्याने हे काम केले तर ते पोर कुणापुढे वाकणार नाही. हक्काच्या पैशाला नमस्कार करावा लागत नाही.

ही भेट मात्र फोटोत येत नाही. अर्ज मंजूर झाल्याचा कागद फेसबुकवर बरा दिसत नाही. म्हणूनच तर विचारतो, तुम्हाला मुलाचे भले करायचे आहे की स्वतःला भले म्हणवून घ्यायचे आहे?

या सुट्टीत राफ्टिंगला खुशाल जा. वसतिगृहातली मुले त्या दिवशी तेल लावून, सदरा घालून कुणाची वाट बघत उभी राहणार नाहीत, एवढे बघा.