भिरभिऱ्याच्या पंखांचे विमान

१९१९ साली स्पेनमध्ये तीन इंजिनांचे एक नवेकोरे विमान चाचणीच्या वेळीच कोसळले. जमिनीलगत वळताना त्याचा वेग कमी पडला होता. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांचा उचलण्याचा जोर एकाएकी नाहीसा होतो. वैमानिक बचावला, पण विमानाचा तरुण रचनाकार हुआन द ला सिएर्वा याच्या मनाने एकच ध्यास घेतला: वेग मंदावला तरी पडणार नाही असे विमान हवे!

त्याने शोधलेली युक्ती जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी होती. इंजिन पुढचा पंखा फिरवून यंत्राला पुढे ओढणार आणि डोक्यावरची मोठी पाती नुसत्या वाऱ्याने फिरणार. पाती फिरत आहेत तोवर आधार आहे. या यंत्राला त्याने नाव दिले ‘ऑटोजायरो’.

कल्पना सुरेख, पण यंत्र उडेना! उचलू लागले की एका कुशीवर कलंडायचे. कारण उघड होते. पुढे येणाऱ्या पात्याला वारा जोरात लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. त्यामुळे एक बाजू जास्त उचलली जाते. सिएर्वाने एकावर एक, उलट दिशांनी फिरणारी पाती लावून पाहिली, तेही फसले. तीन यंत्रे अशी वाया गेली.

गंमत म्हणजे त्याचे छोटे नमुना-यंत्र मात्र छान उडत असे. असे का? नमुन्याची पाती वेताची, म्हणून लवचीक होती. मोठ्या यंत्राची ताठ. मग सिएर्वाने प्रत्येक पाते मुळाशी बिजागरीवर बसवले. वारा जास्त लागला की पाते आपोआप वर उचलले जाई, कमी लागला की खाली येई, आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा राही. आपल्या दाराखिडक्यांना असते तीच बिजागरी!

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफे येथे गोमेस स्पेन्सर या वैमानिकाने चौथे यंत्र हवेत नेले. त्याच महिन्यात एका उड्डाणात, नाक वर असतानाच, इंजिन बंद पडले. साध्या विमानाची अशा वेळी धडगत नसते. हे यंत्र हळूहळू खाली उतरले आणि वैमानिकाला इजा झाली नाही. महिनाअखेरीस त्याने चार किलोमीटरची फेरीही मारली.

१९२८ मध्ये सिएर्वाने स्वतः ऑटोजायरोतून लंडनहून पॅरिस गाठले. पुढे हेलिकॉप्टरे आली आणि ऑटोजायरो मागे पडला. पण ती बिजागरी अनेक हेलिकॉप्टरांनी उचलली.

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर दाट धुके होते. सिएर्वा प्रवासी म्हणून ज्या विमानात बसले, ते उड्डाण करताच एका घरावर आदळले. विमान नेहमीचे, ताठ पंखांचे होते. सिएर्वा तेव्हा ४१ वर्षांचे होते.