रविवारची सायकल आणि सोमवारची सायकल

सुमारे अठरा वर्षांच्या खंडानंतर, गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, मी पुन्हा सायकलवर बसलो आणि पुण्यातील एका गटाबरोबर दर रविवारी पहाटे बाहेर पडू लागलो. ही वार्ता शाखेच्या बैठकीत पोचली तेव्हा एका ज्येष्ठ साथींनी विचारले, "काय हो, तुम्हीही हौशी मंडळींत जाऊन बसलात? पन्नास हजारांची सायकल, रंगीबेरंगी कपडे आणि घाट चढून झाला की मिसळ! यात समाजवाद कुठे आला?" बैठक हसली, मीही हसलो. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण ही भूमिका एकट्या त्या साथींची नसून चळवळीतील पुष्कळांची आहे, आणि माझ्या मते ती चुकीची आहे.

आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. कात्रजच्या जुन्या घाटाकडे आमचा तीस जणांचा जथा निघतो तेव्हा त्याच रस्त्याने रात्रपाळी संपवून सुरक्षारक्षक परतत असतात, हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून दूध घालणारे जात असतात, वर्तमानपत्रे टाकणारी मुले चौकाचौकांत गठ्ठे सोडत असतात. तीही सायकलीच चालवत असतात. आमच्या गटात पुढचा स्वार खड्डा दिसला की हात करून मागच्याला सावध करतो. तो इशारा आमच्यापुरताच असतो. घाटातून परतल्यावर "आज रस्त्यावर किती सायकलस्वार भेटले" अशी चर्चा होते, तेव्हा शिरस्त्राण घातलेलेच मोजले जातात. त्या रक्षकाला कोणीही सायकलस्वारांत धरत नाही. पहिले काही रविवार मीही धरले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पण याच गटाचा एक नियम सांगण्यासारखा आहे. पहिल्या रविवारी अर्ध्या घाटात माझा श्वास संपला. मी उतरलो आणि पुढे जा म्हणून खूण केली. कोणी गेले नाही. एक तरुण माझ्या बरोबरीने सायकल हातात धरून चालू लागला आणि बाकीचे वर बोगद्यापाशी थांबले. "मागे पडलेल्याला सोडून जायचे नाही, हा आपला नियम आहे," असे त्याने सहज सांगितले. ज्या तत्त्वासाठी आपण ठराव करतो ते ही मंडळी घाटात पाळतात, असे त्या वेळी मनात आले. दोष नियमाचा नाही, त्याच्या मर्यादेचा आहे. तो तीस जणांपाशी संपतो.

आता आपल्या चुकीकडे वळू. श्रमिकाने श्रम करावेत आणि करमणूक ही वरच्या वर्गाची चैन, असे मानणारा समाजवादी नकळत मालकाचीच भाषा बोलत असतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कोणी कृपेने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. आज रविवारी पहाटे सायकल काढणारा सुशिक्षित नोकरदार त्या लढ्याची मिळकत वापरत असतो. त्याला हे ठाऊक नसेल तर ते सांगण्याचे काम आपले आहे. त्याची थट्टा करून ते होणार नाही.

समूहाने सायकल फिरवणे हे समाजवादाला परकेही नाही. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे सायकल मंडळ काढले. सुट्टीच्या दिवशी ही माणसे कारखान्यांच्या धुरातून बाहेर पडत आणि जाता जाता खेडोपाडी पत्रके वाटत. जर्मनीत १८९६ मध्ये कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडारिटेट', म्हणजे एकजूट, नावाचा संघ उभा राहिला. त्याची सभासदसंख्या लाखाच्या पुढे गेली आणि ओफेनबाखला त्याचा स्वतःचा सायकल व्यवसाय चालला. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने या संघावर बंदी घातली. नुसती मौज करणाऱ्यांवर हुकूमशहा बंदी घालत नाहीत. उलट, मौज उरली आणि विचार ओसरला की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. क्लॅरियन मंडळाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये आपल्या घटनेतील समाजवादाचा उल्लेख काढून टाकला. त्यावरून फूट पडून काहींना वेगळी चूल मांडावी लागली.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली आणि लाखभर स्त्रिया सायकल चालवू लागल्या. शेतमजूर बाया, खाणीत राबणाऱ्या बाया जथ्याजथ्याने रस्त्यावर आल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला दवाखान्यात नेणे यांसाठी पुरुषाची किंवा बसची वाट पाहण्याची गरज त्यांना उरली नाही. त्यांच्या सायकलीत काम किती आणि आनंद किती, याची वाटणी कोणी करून दाखवावी.

खरा प्रश्न रस्ता कोणाचा हा आहे. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनांची प्रथमच नोंद झाली. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात होते. मोटारीने जाणाऱ्यांच्या कितीतरी पट. तरी कोलकात्यात २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलला मनाई झाली. मुंबईत २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ चा सागरी किनारा मार्ग सार्वजनिक पैशातून उभे राहिले. दोहोंवर सायकलला प्रवेश नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा मंजूर झाला. तो रस्त्यावर किती उतरला हे कोणत्याही पुणेकराने घरातून बाहेर पडून पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. त्याच दिवशी लहान मोटारींचा करही २८ वरून १८ वर आला. स्वस्त झालेली सायकल स्वस्त झालेल्या मोटारींच्या गर्दीत चालवायची कुठे, याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते.

आणि श्रमिकाच्या सायकलीकडे हा समाज कसा पाहतो, हे २०२० ने दाखवून दिले. टाळेबंदीत एका पंधरा वर्षांच्या मुलीने जायबंदी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल हाकली. तिच्यावर ती वेळ कोणी आणली हे विचारण्याऐवजी तिच्या क्रीडानैपुण्याची स्तुती झाली आणि सायकल महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावले. पुढच्याच महिन्यात ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा ॲटलस सायकलचा कारखाना बंद पडला आणि शेकडो कामगारांना घरी बसावे लागले. भुकेच्या प्रवासाला विक्रम ठरवणारा हा दृष्टिकोन मोडायचा असेल, तर सायकलवर हौसेने बसणारा आणि पोटासाठी बसणारा यांना एकत्र आणावेच लागेल.

हे ठरावाने होणार नाही. शहरांतील शाखांपुढे माझी साधी सूचना आहे. आपल्या भागातील सायकलगटांत सामील व्हा. तेथे शिकवायला न जाता सायकल चालवायला जा. ओळख झाली की महिन्यातून एक फेरी रविवारऐवजी कामाच्या दिवशी, पाळी सुटण्याच्या वेळी, औद्योगिक वसाहतीच्या दारापासून काढण्याचा आग्रह धरा. तेथून घरी जाणाऱ्या कामगारांबरोबर त्यांच्या वेगाने जा. कोणत्या चौकात जीव मुठीत धरावा लागतो, कोठे दिवे नाहीत, कोठे सायकल ठेवायला जागा नाही, याची यादी त्यांच्याकडून करून घ्या आणि ती घेऊन दोघांनी मिळून महापालिकेवर जा. हौशी स्वाराजवळ इंग्रजी आहे, ओळखी आहेत, अधिकाऱ्याच्या दालनात बसायला खुर्ची मिळते. कामगाराजवळ संख्या आहे आणि रस्त्याचे रोजचे ज्ञान आहे. दोघे वेगळे राहिले तर एकाला नदीकाठी फिरायला पट्टा मिळेल आणि दुसऱ्याला वाहनाचा धक्का.

आमच्या गटात मी हा विषय काढला. काहींनी कुरकुर केली. राजकारण नको म्हणाले. सात जण तयार झाले, आणि त्यांत घाटात माझ्याबरोबर चालणारा तो तरुण आहे. येत्या महिन्यात भोसरीपासून पहिली फेरी निघेल. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या साथींना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. सायकलची व्यवस्था मी करतो. चढावर ते मागे पडले तर आम्ही थांबू.