मापाचे पुस्तक आमच्या मुलांच्या हाती येऊ द्या

पेठ तालुक्यात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हटले, तर पेठेतले शेंबडे पोरही हसेल. वर्षाकाठी सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस या डोंगरांवर कोसळतो. भात, नागली, वरई पिकवणारा कोकणा, महादेव कोळी व वारली शेतकरी चार महिने गुडघाभर चिखलात उभा असतो. आणि तेच गाव होळीनंतर हंडे घेऊन दरीत उतरते! बोरीच्या बारीसारख्या पाड्यावर बायका दोराला धरून विहिरीच्या तळाशी जातात, हे साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत पाहिले आहे. दमणगंगा आमच्या उशापायथ्याने वाहत जाते, पार नदी जाते, आणि आमचे पाणी आम्हास रामराम न करता गुजरातच्या वाटेने समुद्रास मिळते.

यात देवाचा दोष किती व माणसाचा किती, याचा हिशेब आमच्या वाचकांनी स्वतः करून पाहावा. 30 चौरस मीटरच्या कौलारू छपरावर 2,000 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 60,000 लिटर पाणी पडले. त्यातले चौथाई वाया गेले असे धरले तरी 45,000 लिटर उरते. पाच माणसांच्या घरास दरडोई 55 लिटरप्रमाणे उन्हाळ्याच्या 120 दिवसांस 33,000 लिटर लागते. म्हणजे पाणी घराच्या पन्हळीवरूनच जाते. ते साठवण्याची सोय मात्र घरात नाही. टाके केवढे बांधावे, कोठे बांधावे, काळ्या कातळाच्या उतारावर बंधाऱ्याचा पाया किती खोल न्यावा, हे प्रश्न नवसाने सुटणारे नाहीत. ते स्थापत्यशास्त्राचे, म्हणजे ज्यास आपण सिव्हिल इंजिनियरिंग म्हणतो त्या विद्येचे आहेत.

तेव्हा ही विद्या आमच्या घरात का नाही, हा आजचा सवाल आहे.

1854 साली पुण्यास सरकारने इंजिनियरिंगचा वर्ग काढला, तो बांधकाम खात्यास हाताखालचे कामगार मिळावेत म्हणून. 1866 साली तो मुंबई विद्यापीठास जोडला गेला व त्याचे कॉलेज झाले. त्या कॉलेजातून मोठमोठे इंजिनियर निघाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या बाकांवर कोण बसले आणि धरणाच्या पायात पाट्या कोणी वाहिल्या, हेही विसरून चालणार नाही. वडार दगड फोडी, पाथरवट तो घडवी, लोहार सुतकी पाजळी, गवंडी ओळंबा धरी, कुणबी व आदिवासी माती वाही. आणि या सर्वांच्या घामाचे माप लिहिणारी लेखणी भलत्याच हाती असे. हात एका जातीचे आणि लेखणी दुसऱ्या जातीची, ही वाटणी धर्माने सांगितली नाही. ती पोटभरूंनी केली.

जोतीराव फुले यांस ही वाटणी पुस्तकातून कळली नव्हती. ते स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर त्यांचा संबंध आला होता. मजुराची हजेरी कशी चढते, बिल कोठे अडते व कोणाच्या खिशात काय पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ते नुसते रडगाणे गात नाहीत. पावसाचे पाणी शेतात मुरून मगच ओढ्यास मिळावे, अशा ताली-बंधारे बांधण्याची योजना सांगतात. सत्यशोधक समाजास मुंबईत खांदा देणाऱ्यांत व्यंकू बाळोजी काळेवार व जाया कराडी लिंगू हे तेलुगु भाषक ठेकेदार होते. आमच्या चळवळीच्या पायात चुना व दगड आहे. ती बांधकाम करणाऱ्यांची चळवळ आहे. त्या चळवळीच्या नातवंडांनी बांधकामाची विद्या परकी समजावी, याहून दैवदुर्विलास कोणता?

आता कोणी म्हणेल, कॉलेजे काय थोडी आहेत? खरे आहे. 1914 साली नाशकास मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. 1920 साली शाहू छत्रपतींनी नाशकास येऊन उदाजी मराठा बोर्डिंगची कोनशिला बसविली. त्याच समाजाने 1999 साली इंजिनियरिंगचे कॉलेज काढले. अनुसूचित जमातींस प्रवेशात शेकडा 7 जागा राखीव आहेत. पेठेहून नाशिक 50-55 किलोमीटर. दार उघडे आहे. पण दारातून आत गेलेला मुलगा चार वर्षांनी बाहेर येतो तेव्हा त्याच्या हाती काय असते? पुष्कळ ठिकाणी एक कागद असतो. त्याने तुळईचे गणित फळ्यावर सोडविलेले असते. पण सळई बांधताना फिटरने काय चूक केली, हे त्यास ओळखता येत नाही. आणि नोकरीच्या दारात पहिला प्रश्न येतो, ‘अनुभव काय?’ ज्याचा मामा ठेकेदार आहे, ज्याचा काका खात्यात आहे, त्याचा अनुभव सुट्टीत घरबसल्या होतो. आमच्या मुलाचा मामा नागली लावत असतो.

यावर जगाने एक उपाय शोधलेला आहे, आणि तो आम्हास मनापासून पटला आहे. शिक्षणाच्या मध्येच विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कामावर धाडावे, तेथे त्यास वेतन द्यावे, आणि मग शेवटच्या अभ्यासास परत बोलवावे. अमेरिकेत सिनसिनाटी येथे हर्मन श्नायडर नावाच्या स्थापत्याच्या अध्यापकाने 1906 साली 27 विद्यार्थी घेऊन ही पद्धत सुरू केली. विलायतेतील विद्यापीठांत आज स्थापत्याच्या अभ्यासक्रमामध्ये कामाचे एक अखंड वर्ष घालता येते. दोन पोळ्यांत भाजी घालावी तसे दोन अभ्यासांच्या मध्ये काम, म्हणून त्यास सँडविच अभ्यासक्रम म्हणतात. आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. 1973 साली त्यात पदवी व पदविकाधारक इंजिनियरही आले. कायदा कागदावर आहे. तो पेठेच्या डोंगरापर्यंत चढला पाहिजे, एवढेच.

सर विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजातून पहिले आले व 1884 साली असिस्टंट इंजिनियर होऊन प्रथम आमच्या नाशकासच रुजू झाले. पुढे खानदेशात पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन घालताना पावसाळ्याने त्यांचे काम अडविले, आणि नदीने त्यांस जे शिकविले ते कॉलेजात शिकविलेले नव्हते. याच विश्वेश्वरय्यांनी पुढे म्हैसुरात ब्राह्मणेतरांस नोकऱ्यांत वाटा देण्याच्या धोरणास विरोध केला व दिवाणगिरी सोडली, हेही आम्ही विसरलो नाही. गुण घ्यावा, मत घेऊ नये. त्यांस खात्याने शिकण्याची जी संधी दिली, तीच आमच्या मुलांस मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.

कामावर न शिकलेली विद्या काय करते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडी ओंडक्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात. त्याचा बोभाटा झाला, आणि जानेवारी 2022 मध्ये तेथे लोखंडी पूल आला. त्याच वर्षीच्या जुलैत तो पुरात वाहून गेला. ज्या म्हातारीने त्या काठावर साठ पावसाळे काढले, तिला पुराची रेघ कोठपर्यंत चढते हे ठाऊक असते. पूल बांधणाऱ्याने तिला विचारावे, हे त्यास कोण शिकविणार? त्या पाड्यावर एक पावसाळा काढलेला विद्यार्थी ते शिकेल. आणि तो त्याच पाड्यात जन्मलेला असेल, तर त्यास ते शिकवावेही लागणार नाही.

या वर्षात मुलाने शिकावयाचे काय, तेही सांगतो. लेव्हलची दुर्बीण लावून उतार काढणे, काँक्रीटचे ठोकळे भरून 7 व 28 दिवसांनी त्यांची ताकद तपासून घेणे, दरसूची वाचणे, अंदाजपत्रक करणे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तक लिहिणे. शेतकरी बांधवांनो, या पुस्तकाचा अर्थ तुम्हास चांगला ठाऊक आहे. रोजगार हमीच्या कामावर तुम्ही 20 फूट लांब, 10 फूट रुंद व 3 फूट खोल खड्डा खणला, तर ते 600 घनफूट, म्हणजे 6 ब्रास झाले. पुस्तकात 5 लिहिले, तर एक ब्रासची मजुरी हवेत गेली. माप आठ दिवस उशिरा झाले, तर मजुरीही तितकीच लांबली. ज्याच्या आईने पाटी वाहिली आहे, त्याच्या हाती ते पुस्तक आले, तर 5 व 6 मधला फरक त्यास पोटातून कळेल. जातीने कोणी प्रामाणिक होत नाही, हे आम्ही जाणतो. आमच्यातलाही लबाड निघेल. पण आज माप घेणारा एका अंगणातला व खणणारा दुसऱ्या अंगणातला, अशी जी दरी आहे ती तरी बुजेल.

या पद्धतीत धोके आहेत, ते आम्ही झाकून ठेवीत नाही. ठेकेदारास फुकटचा बिगारी मिळतो, आणि वर्षभर मुलगा सिमेंटच्या गोण्या मोजतो, असे होऊ शकते. चांगल्या जागा वशिल्याने जातात. आणि गरिबाच्या घरी आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाचे कर्ज. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, कामाच्या वर्षाचे विद्यावेतन कायद्याप्रमाणे दरमहा विद्यार्थ्याच्या खात्यात पडावे आणि त्या वर्षी शिष्यवृत्ती व वसतिगृह तुटू नये. दोन, जागा गुणांच्या व आरक्षणाच्या जाहीर यादीने वाटाव्यात, चिठ्ठीने नव्हे. तीन, प्रत्येक विद्यार्थ्याची रोजची वही असावी, ती कामावरच्या इंजिनियरने व कॉलेजच्या गुरुजींनी दरमहा तपासावी. वहीत नुसती गोण्यांची मोजणी आढळली, तर त्या ठेकेदाराकडे पुन्हा विद्यार्थी देऊ नये. चार, अपघाताचा विमा व डोक्यावर टोपी कामाच्या पहिल्या दिवसापासून असावी. पाच, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागातील विद्यार्थ्यांस त्यातले निदान काही महिने आपल्याच तालुक्यातील बंधारे, रस्ते व पाणीयोजनांवर आणि काही दिवस नाशकास 1959 साली स्थापन झालेल्या मेरी या संशोधनसंस्थेत शिकावयास मिळावेत.

शेवटचे दोन शब्द आईबापांस. मुलगा कामाच्या वर्षी मळक्या कपड्यांनी घरी आला, तर ‘एवढे शिकून हेच करायचे होते काय?’ असे म्हणू नका. हाताला माती लागली म्हणजे विद्या बाटली, ही समजूत आपली नव्हे. ती आपल्या माथी मारलेली आहे. आणि मुलीस हे काम झेपणार नाही असेही म्हणू नका. जी दोराने विहिरीत उतरते, तिला विहिरीचे गणित का झेपू नये? उलट तिच्याच हाती ते आधी द्या. तहान तिच्या डोक्यावर आहे.

डोंगर आमचे, पाऊस आमचा, दगड आमचा, घाम आमचा. आता मापही आमच्या मुलांनी घ्यावे. पुढच्या पावसाळ्याआधी गावोगावच्या ग्रामसभांनी या पाच मागण्यांचा ठराव करून तो जिल्हा परिषदेस व कॉलेजांस धाडावा, अशी आमची आमच्या वाचकांस आग्रहाची विनंती आहे.