साठीचा 'नवा' व्हायरस

२०२४ च्या जुलैत इतवारीतल्या किराणा ओळीपासून पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांपर्यंत सगळीकडे तेच फॉरवर्ड... गुजरातमध्ये म्हणे नवा, रहस्यमय व्हायरस आलाय, थेट मुलांच्या मेंदूवर जातो!

नवा? काऊन बाप्पा? त्याचं नाव चांदीपुरा. आणि चांदीपुरा गुजरातेत नाही हो, आपल्या नागपूरकडचं गाव आहे. १९६५ मध्ये नागपुरात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा सापडला. म्हणजे साहेबांची साठी उलटली!

माझं डोकं फिरतं ते या 'नवा' शब्दावर. नवा म्हटलं की कोणाला जाब विचारायची सोयच उरत नाही. आमच्या धंद्यात जुना बग पुन्हा वर आला तर त्याला नवा म्हणून खपवता येत नाही, नोंदवल्याची तारीख दिसते ना! इथल्या तारखा बघा. २००३, आंध्र प्रदेश: ३२९ मुलं आजारी, १८३ गेली. २००४, गुजरात. २००७, खुद्द आपला नागपूर विभाग. आणि २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुराच निघाला, जवळपास सगळे गुजरातचे.

आजही यावर लस नाही, खास औषध नाही. काही जण म्हणतील, एवढ्याशा केसेससाठी कोणती कंपनी पैसा घालणार? बरोबर, नाहीच घालणार. म्हणून तर ते सरकारचं काम आहे! पण लस नाही म्हणून हात जोडून बसायचं का? हा पसरतो मुख्यतः वालुमाशीमुळे. डासापेक्षा कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीतूनही आत शिरणारी. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, ओलसर अंधार ही तिची घरं. भेगा लिंपायला आणि पावसाळ्याआधी फवारणी करायला काही रॉकेट सायन्स लागत नाही.

खरा प्रश्न तासांचा आहे. सकाळी खेळणारं पोर... मग ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि कित्येकदा २४ ते ४८ तासांत सगळं संपतं. रिपोर्टची वाट बघायला वेळच नसतो. झटके थांबवणं, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं, आणि तेही पोर वेळेत पोचलं तर. इतवारीतून मेयो हाकेच्या अंतरावर आहे. भंडाऱ्याकडचा तांदूळ इतवारीत बरोबर पोचतो, तिथलं झटके आलेलं पोर रात्री दोन वाजता कसं पोचणार? जूनच्या आधी प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात याची तयारी हवी: गाडी, झटक्याचं इंजेक्शन, मुलांचा ऑक्सिजन. साठ वर्षांनी एवढं मागणं जास्त आहे का?

असो. सरकार करेल तेव्हा करेल. तुम्ही या पावसाळ्यात गावाकडे फोन कराल तेव्हा एवढं नक्की सांगा: पोराला ताप असेल आणि झटका आला, तर अंगारे-धुपारे नको आणि सकाळची वाट तर अजिबात बघायची नाही. मिळेल त्या गाडीने निघायचं.