जुने संगणक आणि आमची अनास्था

मुंबईच्या उपनगरांत सध्यां एक नवाच मोसम चालू आहे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, कोठेंहि जा. चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पुनर्विकासासाठीं रिकाम्या होत आहेत, आणि त्यांबरोबर घरोघरचे माळेहि. माळ्यावरून पितळेचें घंगाळ उतरलें तर तें दिवाणखान्यांत शोभेला जातें. पण 1986-87 सालीं पोटाला चिमटा घेऊन मुलासाठीं आणलेला संगणक निघाला, तर तो रद्दीबरोबर भंगारवाल्याच्या तराजूंत पडतो. ज्या सुशिक्षित वर्गानें हीं यंत्रें हौसेनें आणलीं, त्यानेंच त्यांचा असा निकाल लावावा, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. जे थोडे गृहस्थ तीं जमवितात त्यांच्याशींहि आमचें भांडण आहे. तें पुढें येईलच.

इंग्लंडांत 1982 च्या एप्रिलांत सिंक्लेअर कंपनीनें ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नांवाचा घरगुती संगणक विकावयास काढला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीची भारतीय प्रत 1986 सालीं ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’नें परवान्यानें आणली. स्मृति 48 किलोबाइटांची. घरचा दूरदर्शन संच हा पडदा आणि घरचा कॅसेट-रेकॉर्डर हें दप्तर. दुसरा ‘बीबीसी मायक्रो’. तो सरकारच्या ‘क्लास’ योजनेनें 1984-85 सालीं देशांतील सुमारें 250 शाळांत पोंचला.

आतां आक्षेप पाहूं. खिशांतल्या फोनपुढें असल्या यंत्राची मातब्बरी ती काय, असें एक जण विचारतो. त्यानें घरांत गीझर असतां घंगाळ कां घासून ठेविलें आहे, तें आधीं सांगावें. दुसरा जागेची अडचण सांगतो. मूळ स्पेक्ट्रमची लांबी 23 सेंटिमीटर व रुंदी 14 सेंटिमीटर. म्हणजे शाळेच्या वहीहून तो मोठा नाहीं. तिसरा आक्षेप मात्र विचारी माणसाचा आहे. आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब बतावणी करणाऱ्या आज्ञावल्या, ज्यांस एम्युलेटर म्हणतात, फुकट मिळतात. जुने खेळ त्यांवर उत्तम चालतात. मग तें कळकट डबडें कशाला? यांतील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. त्या काळचे विकाऊ खेळ जगभरच्या हौशी लोकांनीं केव्हांच उतरवून ठेविले आहेत, व त्यांसाठीं मुलुंडच्या माळ्याची कोणास गरज नाहीं. पण एम्युलेटर बतावणी करणार ती यंत्राची, यंत्राच्या मालकाची नव्हे. त्या घराखेरीज ज्या फिती कोठेंच नव्हत्या, त्यांचें काय?

येथें थोडा विस्तार केला पाहिजे. स्पेक्ट्रमच्या कर्त्यांनीं त्यांत 21 चिन्हांच्या जागा मोकळ्या ठेविल्या होत्या. आडवे आठ आणि उभे आठ, अशा 64 ठिपक्यांच्या चौकटींत वापरणाऱ्यानें आपली आकृति स्वतः काढावी. आतां देवनागरी ‘क’ या चौकटींत बसवून पाहा. एक ओळ शिरोरेघेला जाते. उरलेल्या सातांत दांडा आणि दोहों बाजूंचीं वळणें मावावीं लागतात. मात्रा-वेलांटीला जागाच राहत नाहीं. शिवाय 21 चिन्हांत आमची वर्णमाला मावत नाहीं, तेव्हां कोणतें अक्षर घ्यावें आणि कोणतें गाळावें याचाहि निवाडा करणें आलें. भारतीय लिप्यांच्या संकेतांचें मानक, आयएस 13194, ठरलें तें 1991 सालीं. त्यापूर्वीं घरीं बसून ज्या मुलानें हा उद्योग केला, त्यानें आपली लिपि आपणच जुळविली. आणि ती ज्या कॅसेटवर उतरली तिची दुसरी प्रत लंडनांतहि नाहीं आणि अमेरिकेंतहि नाहीं. 1898 सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, तो लोकांच्या घरीं पडून राहिलेल्या कागदांवरूनच. तीं दप्तरें त्यांनीं सोडून वाचलीं. नुसते रुमाल मांडून ठेविले असते तर कोणास काय कळलें असतें?

नेमका हाच प्रकार आमचे संग्राहक करीत आहेत. पिंवळें पडलेलें कवच हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत पांढरें करण्यांत त्यांचे रविवार जातात. जुन्या नाण्याला चिंच लावून घासणाऱ्यास नाणकशास्त्री काय म्हणतात, तें त्यांनीं एकदां ऐकावें. यंत्र कपाटांत जातें. सोबत आलेल्या कॅसेटी, ‘नुसत्या घरगुती’ म्हणून, केरांत जातात. आणि यंत्रहि पुष्कळदां मुकेंच असतें. इंग्लंडांत 1951 सालचा हार्वेल डेकाट्रॉन खटपट करून 2012 सालीं पुनः चालूं करण्यांत आला. आमच्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला, 1960 सालीं कामास लागलेला टिफ्रॅक आज कोठेंहि चालतांना पाहावयास मिळत नाहीं. थोरांचें हें, तर माळ्यावरच्याची कथा काय!

दुरुस्ती ही हौस असली तरी तिला क्रम आहे. माळ्यावरून उतरतांच यंत्रास वीज लावणें हा शुद्ध अविचार होय. स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्टांच्या जोडणींत मधलें टोंक ऋण असतें, आणि बाजारांतल्या सामान्य अडॅप्टरचें धन. तो अडॅप्टर खुपसला कीं यंत्र संपलें. बीबीसी मायक्रोच्या वीजपेटींतले जुने कपॅसिटर तडकलेले असतात व चालू करतांच धूर ओकतात. ते बदलावे, मग पुढें जावें. पण याहि आधीं फीत. आमच्या दमट हवेंत तिला बुरशी लागते, आणि ती दरसाल वाढते. रेकॉर्डरचा चिकट झालेला रबरी पट्टा बदलून, फीत साफ करून, तिच्यावरील आवाज आजच्या संगणकांत भरून घ्यावा. 48 किलोबाइटांस सुमारें पांच मिनिटें लागतात. एवढ्याला इंजिनियर नको. उतरून घेतलेली प्रत मग दुरुस्त यंत्रावर चालवून पाहावी.

माळा रिकामा करणाऱ्या गृहस्थांनीं भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं, आतां पन्नाशीला आलेल्या आपल्या मुलास, तो परदेशीं असला तरी, एकदां विचारावें कीं या कॅसेटींवर काय आहे. वेष्टनावर ‘भावगीतें’ लिहिलेलें असेल, आणि लावल्यावर कर्कश किंकाळी ऐकूं येईल. ती खराब झालेली फीत समजून फेकूं नये. तेथेंच थांबवावी, आणि पुनः पहिल्यापासून उतरून घ्यावी.