मुकुंदराजांच्या शेजारी श्रोडिंगर

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० च्या ‘विवेकसिंधू’त त्यांनी जीव-ब्रह्माचे ऐक्य मराठीत मांडले. पुंजभौतिकीला १९२६ साली पायाभूत समीकरण देणाऱ्या एर्विन श्रोडिंगर यांनीही १९४४ च्या ‘व्हॉट इज लाइफ?’च्या उपसंहारात उपनिषदांतला हाच विचार आदराने घेतला.

याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र श्रोडिंगरांनी तो आपले तत्त्वचिंतन म्हणून लिहिला, समीकरणाचा निष्कर्ष म्हणून नव्हे. हा फरक प्रवचनांतून आणि पुस्तकांतून सर्रास पुसला जातो. इलेक्ट्रॉन ‘पाहिला’ की बदलतो, म्हणजे मन सृष्टी घडवते, असे ठासून सांगतात. प्रयोगशाळेत पाहण्याचे काम उपकरण करते. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची नोंद झाली की, खोलीत माणूस नसला तरी, पडद्यावर एरवी उमटणारे तरंगांसारखे पट्टे पुसले जातात. ‘क्वांटम’च्या नावाने दुर्धर आजार बरे करण्याचे दावे तर रुग्णाच्या जिवाशी खेळ आहेत.

जाणिवेचे कोडे अजून सुटलेले नाही. म्हणूनच या अंकात वेदान्त आणि पुंजभौतिकी शेजारी ठेवली आहेत, एकमेकांत कालवलेली नाहीत.