टेकडीपलीकडचे विज्ञान



२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि ८ मार्च हा आपला महिला दिन. दोन्हींमध्ये जेमतेम आठ दिवसांचे अंतर. वस्तीत काम करताना हे दोन्ही दिवस दरवर्षी येतात आणि जातात, पण त्यांचा एकमेकींशी, म्हणजे आपल्याशी, काही संबंध आहे असे मला यंदापर्यंत जाणवले नव्हते. या अंकाचे संपादकीय त्याविषयी आहे.

यंदाच्या विज्ञान दिनाला कोथरूडमधल्या एका शाळेत मी पाहुणी म्हणून गेले होते. ठरलेले पाहुणे ऐनवेळी आले नाहीत, म्हणून माझी वर्णी लागली! पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, वाळूतून पाणी गाळण्याचा प्रयोग, सौरचूल असे छान प्रदर्शन होते. सातवीच्या मुलांना म्हटले, शास्त्रज्ञांची नावे सांगा. न्यूटन, आइन्स्टाइन, रामन, कलाम, नारळीकर अशी धडाधड नावे आली. मग म्हटले, आता बायकांची सांगा. मागच्या बाकावरून ‘मादाम क्यूरी’ आले. आणि आपल्याकडची? एक मुलगी चाचरत म्हणाली, ‘‘कल्पना चावला.’’ त्यापुढे शांतता. मुलांना हसण्याचा मला अधिकार नव्हता. दहावीनंतर ‘मुलीला कला शाखा बरी’ असे घरात ठरले आणि तेही मी निमूट मानले. समाजकार्यातली एम.ए.ची पदवी घेईपर्यंत विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडले नव्हते. मलाही त्या क्षणी आणखी दोनतीनच नावे आठवली.

त्यातले एक नाव मात्र त्या दिवशी मी मुलांना सांगितले, कारण समोर भिंतीवर हार घातलेला सर सी. व्ही. रामन यांचा फोटो होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी लावलेल्या शोधासाठीच तर १९८७ पासून हा दिवस साजरा होतो. त्या शोधानंतर पाचच वर्षांनी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या एका मराठी मुलीने बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. संचालक रामन होते. ती मुलगी आहे म्हणून त्यांनी अर्ज नाकारला.

ती कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. दुर्गाबाई आपल्याला घरच्यासारख्या ठाऊक आहेत. कमलाबाई नाहीत. नकार घेऊन ती परत फिरली नाही. थेट बंगळुरूला जाऊन ठाण मांडून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, कामाचा दर्जा पटला तरच ती मिळणार, आणि तिच्या तिथे असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने तिचे काम पाहून रामन यांनी तिला मान्यता दिली आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे तिने दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. रामन थोर शास्त्रज्ञ होते तरी मनाने संकुचित होते, असे कमलाबाईंनी म्हातारपणी स्पष्ट सांगितले. ही गोष्ट ऐकून सातवीची मुले फोटोकडे बघायला लागली. थोर माणूसही अन्याय करू शकतो, हे विज्ञान दिनी कळले तर त्यात वाईट काय?

पण मला आज कमलाबाईंचे पुढचे आयुष्य सांगायचे आहे. लग्नानंतर डॉ. कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवले आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कडधान्यांवर, नीरेवर काम केले. गरिबाच्या ताटात काय पडते आणि त्यातले अंगी किती लागते, हा त्यांचा विषय होता. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी मिळून सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्या रमल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. ‘कीमत’ या ग्राहकांच्या मासिकात त्यांनी ग्राहकाच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजची पदवी घेतलेली बाई सामान्य ग्राहकासाठी सोपे लेख लिहीत होती. याला आपण ‘निवृत्तीनंतरचा विरंगुळा’ म्हणून मोकळे होतो. मला तर वाटते, त्यांच्या सगळ्या कामाची ती स्वाभाविक पुढची पायरी होती.

असे का वाटते, ते वस्तीतल्या एका अनुभवावरून सांगते.

गेल्या वर्षीच्या ८ मार्चला आमची बैठक होती. तिसरी मुलगी झाली म्हणून सासरी छळ होत असलेली एक मैत्रीण आली होती. मी फळ्यावर खडूने एक्स आणि वाय काढले. आईकडून नेहमी एक्सच येतो, बापाकडून एक्स किंवा वाय येतो, म्हणून मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते, असे सांगितले. टाळ्या पडल्या. साठी ओलांडलेल्या एक मावशी मात्र गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, ‘‘माझ्या बहिणीला याच पायी माहेरी आणून सोडलं होतं गं. ती तशीच गेली.’’

हा शोध १९०५ सालचा आहे, आणि तो लावण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक लहान. त्या लहानाने नर ठरतो, हे त्यांनी ओळखले. बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर, उशिरा संशोधनाकडे वळलेली ही बाई १९१२ साली गेली, आणि श्रेय बराच काळ पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर राहिले. एका बाईने लावलेला, जगभरच्या बायकांची निर्दोष सुटका करणारा हा शोध शंभरावर वर्षे झाली तरी मावशींच्या घरापर्यंत पोचला नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही आवडले असते. चौथ्या दिवशी ती मैत्रीण आली ती सुजलेला गाल घेऊन. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितले होते, ‘‘दोष तुमचा आहे.’’ तिने माझेच वाक्य नेले होते. मी अर्धेच सांगितले होते. बापाकडून एक्स येईल की वाय, हे नाणेफेकीसारखे असते, ते कुणाच्या हातात नसते, आणि मुलगी होणे हा मुळात दोषच नाही, हे उरलेले अर्धे मी सांगितलेच नाही. आणि फक्त बायकांना सांगितले. नंतर आशाताईंना बरोबर घेऊन आम्ही पुरुषांची वेगळी बैठक घेतली, तो नवराही आला. त्याचे मन एका बैठकीत बदलले असे मी म्हणणार नाही. पण लोकांना विज्ञान सांगणे हे जोखमीचे, कौशल्याचे काम आहे, हे मला त्या गालाने शिकवले.

तुम्ही म्हणाल, हे तर आपली चळवळ फार पूर्वीपासून करते आहे. खरे आहे. गर्भजलपरीक्षेतून मुलींचे गर्भ पाडले जात होते तेव्हा आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी हे तंत्र समजून घेतले, पोस्टर-पथनाट्यांतून लोकांना समजावले. म्हणूनच १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ साली तो देशभर झाला. पण कायदा झाल्यावर समजावण्याचे काम आपण ढिले सोडले का, हे आपणच आपल्याला विचारायला हवे.

रक्तक्षयाचेच पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळतात. मग? आमच्या गटातल्या कितीतरी जणी ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या. चहातली द्रव्ये लोह अंगी लागू देत नाहीत, लिंबू-आवळा मदत करतात, हे कुणी बोललेच नव्हते. शौचाला काळे होते म्हणून घाबरून काही जणींनी गोळ्या बंद केल्या होत्या. ते काळे होणे लोहामुळे असते, एवढे एक वाक्य कमी पडले होते. आपल्या ताटापासून आपल्या गर्भाशयापर्यंतचे निर्णय विज्ञानाच्या नावाने दुसरे कुणी घेतात आणि आपण अंगठा उठवतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा आपण हळहळलो. गर्भाशय आणि बीजकोश काय काम करतात हे ज्या बाईला ठाऊक आहे, ती डॉक्टरांना निदान एक प्रश्न तरी विचारते.

केळेवाडी, जयभवानीनगर, किष्किंधानगर या आमच्या वस्त्या टेकडीच्या उतारावर आहेत. त्याच टेकडीच्या पलीकडे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. तिथे अनेक मुली संशोधन करतात. मधे फक्त एक टेकडी. ती ओलांडून यायला त्यांना कुणी नको म्हटले आहे असे नाही, पण आलात तर त्याचे मोल कोण धरणार? बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात, वस्तीतले तास कुणी मोजत नाही. आणि अलीकडे हेच काम दारोदार करणाऱ्या आशाताई ‘स्वयंसेविका’ ठरतात, त्यांना पगार नाही, मानधन. समजावून सांगणे हे बाईचे काम मानले की ते स्वस्त होते, हे आपण स्वयंपाकापासून शिकलो आहोत!

तरीही ज्यांना सांगावेसे वाटले त्या थांबल्या नाहीत. पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले यांच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत गृहशास्त्रच होते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी विज्ञान त्यांना वेगळे शिकावे लागले. त्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञ झाल्या आणि २००८ साली ‘लीलावतीज डॉटर्स’ या पुस्तकाच्या संपादनातून भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्या त्यांनी पुढे आणल्या. २०२४ मध्ये त्या गेल्या. डॉ. मंगला नारळीकरांनी गणित मराठीत सोपे करून सांगितले. २०१९ साली पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा संख्यावाचनाची भर घातल्यावर त्यांच्यावर टीकेची, टवाळीची झोड उठली, पण मुलांना सोपे जावे म्हणून हे केले, असे त्या शांतपणे सांगत राहिल्या. २०२३ मध्ये त्याही गेल्या.

आता आपले काय? आमच्या मासिकाने हिंसा, कायदा, मालमत्ता यांवर पुष्कळ लिहिले. विज्ञानावर फारच थोडे, तेही बहुधा तक्रारीच्या सुरात. ही चूक दुरुस्त करायची आहे. पुढच्या अंकापासून चार पाने तुमच्या प्रश्नांची. पाळी, रक्त, पाणी, भेसळ, थायरॉईड, काहीही विचारा. उत्तर त्या विषयात काम करणारी बाईच देईल, मराठीत देईल, आणि ते छापण्याआधी वस्तीच्या गटात वाचून दाखवले जाईल. तिथे कळले नाही तर पुन्हा लिहायचे, असे ठरले आहे.

टेकडीपलीकडच्या मैत्रिणींनाही हेच सांगणे. महिन्यातली एक दुपार द्या. दुधात पिठी आहे का, हे आयोडीनच्या एका थेंबाने कसे कळते, एवढे दाखवायला या. दूध निळे झाले की बायका कशा पुढे सरसावतात, ते एकदा बघाच. मावशी पहिल्या रांगेत बसणार आहेत.

प्रश्न लवकर पाठवा. वाट पाहते.